डाव्या बाजूची भोकं

सोमवार. ट्रेलरच्या डाव्या पत्र्यावर चार भोकं. गंजाने पडली असणार. पुट्टीने बुजवली, घासली, वर प्रायमर मारला.

मंगळवार. डाव्या पत्र्यावर चार भोकं.

नाही, हे नीट सांगत नाहीये. आधी ट्रेलरचं सांगते. बाबांचा, दोन माणसं झोपतील एवढा, दगडधोंड्यांच्या वाटेवरही गाडीमागे ओढता येणारा. बाबा गेल्यापासून वेल्डरच्या शेडमध्ये पडून होता. आईला त्यात एकदा तळ्याकाठी झोपायचंय. तिची अट एकच: "तुम्ही दोघं असाल तरच." दोघं म्हणजे मी आणि दादा. त्याने मला न विचारता बाबांची जीप विकली, तेव्हापासून दोन वर्षं आम्ही एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही. तरी मी आईला हो म्हणून बसले. ट्रेलर तयार झाला की मग... मग काय? तेच तर.

तर मंगळवार. पुन्हा बुजवली. ऑफिस सुटल्यावर जेमतेम दोन तास मिळतात, त्यातला एक भोकांनी खाल्ला.

बुधवार. चार भोकं, आणि ती पेन्सिलीने जोडून काढलेला चौकोन. गंजाला चौकोन काढता येत नाही, एवढं मलाही कळतं.

वेल्डरला विचारलं. त्याला सगळे बोल्ट म्हणतात, कारण फिरवून फिरवून विचारल्याशिवाय तो हलत नाही. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला, शेडची किल्ली तुम्हा दोघांकडे आहे, दादा सकाळी येतो, तू संध्याकाळी येतेस, भावाबहिणीच्या मध्ये मी कशाला पडू?

सकाळी. दादा. म्हणजे आईने त्यालाही हेच सांगितलंय.

बिघाड दिसला की विचारत बसायचं नाही, मिटवून मोकळं व्हायचं, ही बाबांची शिकवण. म्हणजे मी त्याचं काम मिटवत होते आणि तो माझं? चिडून? की त्याला वाटत होतं, ही पुट्टी म्हणजे बोल्टचे उद्योग?

"पण भोकं कशाला?"

"झरोक्याला," बोल्ट म्हणाला. "बंद जागेत आईला गुदमरतं, उशाशी हवा हवी, म्हणाला. तुला माहीत नाही?"

नव्हतं माहीत. मी छताला पंखा बसवत होते. आई उशी कुठल्या बाजूला घेणार, हे मी तिलासुद्धा विचारलं नव्हतं.

पत्रा कापायचा ग्राइंडर उचलला, पेन्सिलीच्या रेषेवर टेकवला, आणि थांबले. हेही न विचारताच झालं असतं.

बोल्टकडे दादाचा नंबर मागितला. माझ्याकडचा मी तेव्हाच खोडला होता. सख्ख्या भावाचा नंबर वेल्डरकडून घेणारी पहिलीच बघतोय, असं पुटपुटत त्याने दिला.

तिसऱ्या रिंगला त्याने फोन उचलला.

"झरोका केवढा कापू?" मी विचारलं.

दादा म्हणाला, "हात लावू नकोस. येतोय."

कापायला येतोय की भांडायला, आवाजावरून काही कळेना. मी ग्राइंडरचा प्लग काढून ठेवला.