शंभर चिंचोके

"थांबा नायक, फेकू नका," माणिकराव मास्तर म्हणाले, आणि बंजारा तांड्याचा प्रमुख धर्मसिंग नायक याची मूठ हवेतच राहिली. मुठीत कवडी होती.

साहेबाचा दौरा पुसेगावला आला की तंबू वाहायला तांड्यातून एक गाडी वेठीला जायची. फुकट. गाड्या दोघांकडेच होत्या, रूपसिंगकडे आणि प्रेमसिंगकडे. कोणाची जायची हे आज्याच्या काळापासून कवडी ठरवी. नायकाने सेवाभाया देवाचं नाव घेऊन ती फेकायची. उताणी पडली तर प्रेमसिंगची गाडी, पालथी पडली तर रूपसिंगची. रूपसिंगचा बाप वेठीच्या वाटेवरच तापाने गेला होता. त्याच्याच गाडीतून त्याला आणलं, तेव्हा आधी मुक्कामावर साहेबाचा तंबू उतरवला, मग घरी त्याला.

"कवडी पालथी किती वेळा पडते?" मास्तरांनी विचारलं. इंटरला दोनदा नापास झाल्यामुळे गणिताचं पुस्तक त्यांना पास झालेल्यांपेक्षा जास्त पाठ होतं.

"देवाला ठावं," नायक म्हणाला.

"देवाला नंतर विचारू. आधी कवडीला विचारू."

शंभर चिंचोके आणले. दर फेकीला एक चिंचोका, पालथीचा डावीकडे, उताणीचा उजवीकडे.

"मास्तर, साळंत पोरं येईनात म्हणून कवडीची हजेरी घेऊन राहिले का?" प्रेमसिंग म्हणाला. सगळे हसले. मग हळूहळू हसायचे थांबले. डावा ढीग फुगत गेला.

"पालथी पासष्ट, उताणी पस्तीस," मास्तर म्हणाले. "म्हणजे दर तीन वेठींत जवळजवळ दोन रूपसिंगच्या घरच्या."

नायकाने कवडीकडे असं पाहिलं, जणू ती चावली. "म्या कंदी खोटं न्हाई केलं."

"तुम्ही नाही. तिची घडणच तशी आहे."

हे जास्तच वाईट झालं. शिव्या द्यायलाही कोणी उरलं नाही.

रूपसिंगची आई मोतीबाई ढिगांपाशी येऊन बसली. "म्हंजी याच्या बापाला देवानं न्हाई धाडलं?"

या प्रश्नाचा धडा इंटरच्या पुस्तकात नव्हता. "यापुढं आळीपाळीनं जा," मास्तर कसेबसे म्हणाले.

"आळीपाळीत देव कुठं ऱ्हायला?" नायक म्हणाला.

"मंग बाजू बदला," रूपसिंग म्हणाला. "पालथी त्याची. उताणी माही."

"काहून? आज्यापासून चालत आलंय!" प्रेमसिंग ओरडला.

"म्हणूनच." नायकाने मान डोलावली. "बदलली."

त्याने कवडी फेकली. ती गरगरली, कलली आणि उताणी पडली.

प्रेमसिंगला हसू आलं नाही. मास्तरांनी एका फेकीचं आणि शंभर फेकींचं काय ते सांगायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

रूपसिंगने पेरणीच्या तिफणीचे बैल सोडून गाडीला जुंपले. जू बांधता बांधता तो म्हणाला, "मास्तर, आजवर मी हरलोच नव्हतो. हरलो ते आज, बाजू सोता मागून." आणि आईकडे वळून, "याडी, येतो."

गाडी वळणाआड गेल्यावर मोतीबाईने ओच्यातला एक चिंचोका काढला आणि उताणीच्या लहान ढिगावर ठेवला.