सगळ्यांत वर आलेलं पान

मावशींच्या दुकानात शिरलं की आधी दिसायची ती मुंडकी. लाकडाची, कापडाची, फळीवर ओळीनं मांडलेली आणि बहुतेक टकली. मावशी विग बनवायच्या. नवरा होता तोवर दोघं नाटकवाल्यांचं काम करायची. तो गेल्यावर त्यांनी आजारपणात केस गेलेल्यांसाठी विग करायला घेतले. बारीक जाळीत आकड्याच्या सुईनं एकेक केस ओढायचा, गाठ मारायची, पुढचा घ्यायचा. कामात कुणी खोट काढली नसती, पण गिऱ्हाईक फिरकत नव्हतं. लोक आता पाट्या वाचत नव्हते, फोनवर शोधत होते. आणि फोनवर मावशींची वेबसाइट इतकी खाली गाडलेली की तिथवर पोचेपर्यंत माणसाचा बेत बदलावा.

त्याच सुमाराला लेक आणि जावई दूरच्या शहरातून परत आले आणि दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहू लागले. लेकीला घरात छकी म्हणत. जाताना कमरेपर्यंत वेणी होती, आली ती कानाच्या वर केस कापून. "फॅशन गं," म्हणाली. ज्या बाईचा सगळा जन्म केसांत गेला, तिला हे फारच लागलं. मावशी कितीतरी दिवस तोंड फुगवून होत्या.

जावई कॉम्प्युटरवाला. त्यानं आपण होऊन वेबसाइट हाती घेतली.

"आई, तुम्ही लिहिलंय 'उत्कृष्ट दर्जाचे कृत्रिम केशसंभार'. हे कोण शोधणार? लोक विचारतात, 'केस गळाले, आता काय घालू?' त्यांच्याच शब्दांत उत्तरं दिली की आपण वर दिसू."

"आणि माझा पासवर्ड का बदललात, जावईबापू?"

"तुमचं नावच पासवर्ड होतं. म्हणजे चोराला 'या, बसा' म्हटल्यासारखं."

मावशी हसल्या, पण मनातून नाही. शेजारच्या चष्मेवाल्याला त्यांनी हे सांगितलं, तर तो काच पुसत म्हणाला, "माझ्या चुलतभावाचा जावईही असाच मदतीला आला होता. आता दुकान त्याच्या नावावर आहे."  आणि पुन्हा काच पुसू लागला.

झालं, मावशींच्या डोक्यात किडा शिरला. त्या वर गेल्या की जावई लॅपटॉप मिटतो, छकी उगाच विषय बदलते, हे त्यांना आता दिसू लागलं. दुकान बळकावायचा डाव तर नाही? पोटची पोरगीही सामील?

एवढ्यात गिऱ्हाइकं येऊ लागली. एक आली, मग दुसरी, मग भेटीच्या वेळा ठरवून द्यायची पाळी आली. वेबसाइट खरंच वर चढली होती. मावशींनी खूश व्हायला हवं होतं. पण येणाऱ्या बायका फळीवरच्या विगांकडे बघण्याआधी मावशींच्या डोक्याकडे बघत. एकीनं तर त्यांचे दोन्ही हात धरले.

"तुम्ही स्वतः यातून गेलात म्हणून इथं आले. ते उशीवरच्या केसांचं वाचलं आणि मला रडूच फुटलं."

मावशींनी डोक्याचं माप घेतलं, गोड बोलून तिला वाटेला लावलं आणि शटर अर्धं ओढून फोन उघडला. 'उशीवर केस' एवढंच टाइप केलं. पहिलंच पान त्यांच्या दुकानाचं निघालं.

'सकाळी उठले तर उशीवर केस होते. मी ते झाडले नाहीत. उशी तशीच उलटी केली आणि चहा ठेवायला गेले...' असं बरंच काही. आरशावर टाकलेला टॉवेल. भाजीवाल्याची नजर. लिहिणारीचं नाव कुठंच नव्हतं. वर दुकानाची पाटी, खाली मावशींचा फोटो.

मावशींच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्या तरातरा जिना चढल्या. दोघं जेवायला बसली होती.

"माझ्या डोक्यावरचा एक केस कधी आजारानं गळला नाही! आजारी माणसांना फसवून वर चढायचं? कुणी सांगितली ही थाप मारायला?"

जावई ताटावरून उठला. "आई, या पानामुळेच आपण वर आलोय. रुग्णांच्या दोन-तीन संस्थांनी आपापल्या वेबसाइटवर त्याचा दुवा दिलाय. तुमच्या फोटोमुळे लोकांना ते तुम्हीच लिहिलंय असं वाटेल, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. ती चूक माझी. पण ती थाप नाही."

"मग काय माझी आत्मकथा आहे?"

"तुमची नाही," तो म्हणाला आणि छकीकडे बघू लागला.

छकीनं हातातला घास ताटात ठेवला. "माझी आहे, आई."

मावशींना आधी अर्थच लागला नाही. मग त्यांची नजर तिच्या आखूड केसांवर गेली.

"बाबा नुकतेच गेले होते," छकी म्हणाली. "तुला आणखी काय सांगायचं? म्हटलं, बरी होऊन सांगेन. बरी झाल्यावर धीर होईना. मग हे लिहून काढलं."

"आणि डोक्यावर काय घालत होतीस?"

"विकतचा. नायलॉनचा."

"खाजायचा?"

"खूप."

तोवर ताठ असलेल्या मावशी त्या एका शब्दावर कोसळल्या. गावभरच्या पोरींच्या डोक्याला काचू नये म्हणून त्या जाळीच्या कडा आतून मऊ रेशमानं मढवत होत्या. आणि पोटची पोरगी तिकडे नायलॉन घालून डोकं खाजवत बसली होती.

रडून झाल्यावर त्यांनी पान काढायला सांगितलं. जावई म्हणाला, आपण पुन्हा खाली घसरू. "घसरू दे," मावशी म्हणाल्या. पण छकीच आडवी आली. शेवटी पानाच्या वर ठळक अक्षरांत लिहिलं: हे विग बनवणाऱ्या बाईंनी नव्हे, त्यांच्या मुलीनं लिहिलं आहे. फोटो दुसऱ्या पानावर गेला. हात धरणारी बाई विग घालून बघायला आली तेव्हा मावशींनी तिला तोंडानंही सांगितलं. 

"मग मुलीला बोलवा," ती बाई म्हणाली.

छकी खाली आली. तिनंच विग त्या बाईच्या डोक्यावर बसवला, कानामागं बोट फिरवून कड कुठं टोचते का ते विचारलं. मावशी मुंडक्यांच्या फळीशी उभ्या राहून बघत होत्या.

जावयावरचा संशय फिटला. लेकीवर मात्र मावशींचा आता काडीचा भरवसा उरला नव्हता. "सगळं ठीक आहे ना?" त्या येता-जाता विचारत. छकी "हो" म्हणे आणि मावशी तिच्या डोळ्यांत बघत राहत. पुढच्या तपासणीला त्यांनी दुकान बंद ठेवलं आणि सोबत गेल्या. डॉक्टरांनी रिपोर्ट चांगले असल्याचं सांगितलं. मावशींनी तोच प्रश्न उलटसुलट करून विचारला, मग आणखी एकदा.

"आई, पुरे," छकी ओशाळून म्हणाली.

"तू गप्प बस," मावशी म्हणाल्या. "हं डॉक्टर, मला पहिल्यापासून सांगा."