सिद्धूने शाळेला दिलेली घंटी

मी एक घंटी बोलतेय. देवळातली नाही, देव्हाऱ्यातलीही नाही. मेंढराच्या गळ्यातली. त्यामुळे माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. मेंढरांबद्दल माझी काही तक्रार नाही. जे सांगायचंय ते माणसांच्या पोरांबद्दल आहे, आणि त्याहून जास्त त्यांच्यावर लक्ष ठेवायला नेमलेल्या मोठ्या माणसांबद्दल.

माझा जन्म तांबटाच्या भट्टीत झाला. १९९८ साली पौडच्या बाजारात सिद्धू नावाच्या मेंढपाळाने मला उचललं, कानाशी धरून हलवलं, परत खाली ठेवलं, शेजारच्या साऱ्या घंट्या वाजवून पाहिल्या आणि शेवटी मलाच घेतलं. तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

सिद्धूने मला कळपाच्या म्होरक्याच्या गळ्यात बांधलं. त्याच्या घरात एक रीत होती. घंटीवाल्या जनावराच्या अंगाला काठी लावायची नाही, आणि पाण्यावर पहिलं तोंड त्यानेच घालायचं. बाकीची मेंढरंही ते ओळखत. त्याला कुणी ढुशी मारत नसे. सिद्धू त्याचं सारं श्रेय मला द्यायचा. म्होरक्या मुळातच दांडगा होता म्हणून त्याच्या वाटेला कुणी जात नव्हतं, हे त्याच्या कधी ध्यानात आलं नाही. या भोळेपणाची किंमत पुढे त्याच्या लेकीने मोजली.

माण, नेरेकडचे माळ बघता बघता तारेच्या कुंपणात गेले. चारायला जागा उरली नाही, सिद्धूने मेंढरं विकली. दोन गाई आणि काही शेळ्या राहिल्या, त्याही गावच्या बापूसाहेबांच्या उरलेल्या रानात चरायच्या, बापूसाहेबांच्या मर्जीने. मला मात्र त्याने विकलं नाही. घराच्या मेढीला, मधल्या लाकडी खांबाला, टांगून ठेवलं. त्याची मुलगी उज्वला जाता-येता मला टिचकी मारायची. चुणचुणीत पोर होती. तिची आई सारजाबाई हिला अक्षर ठाऊक नव्हतं आणि बापाला सही तेवढी येत होती, तरी पोरगी शाळेतून आली की दोघं तिच्यासमोर बसून पाढे ऐकायचे.

२००३ साली गावच्या शाळेची घंटा चोरीला गेली. घंटा कसली, लोखंडी रुळाचा तुकडा होता, भंगारात गेला असेल. सिद्धूला हे कळलं आणि तो मला धुऊन-पुसून, नवी दोरी ओवून शाळेत घेऊन गेला.

"गुर्जी, आमच्या म्होरक्याची घंटी हाय. शाळंला घ्या. पर एक करा, आमच्या उजूच्या हातानं वाजवा."

जनार्दन गुरुजी हसले. त्यांना फुकटात घंटी मिळत होती. सिद्धू मनात काय घेऊन आला होता, ते मला कळत होतं. मेंढरं गेली, रान गेलं, आता निदान पोरीला तरी कुणी ढुशी मारू नये. जिच्याकडे घंटी, तिला कळप मानतो. बिचाऱ्याने कळप ओळखला होता, वर्ग ओळखला नव्हता.

आठवडाभर उज्वला मला दिमाखात हातात धरून वाजवायची. संध्याकाळी मला घरी न्यायची, म्हणजे चोरीची भीती नको. गुरुजींनी तिच्यामागे आणखी एक काम लावलं होतं, टपरीवरून चहा आणायचं. एकदा तिच्या दोन्ही हातांत चहाचे ग्लास होते आणि तास संपला होता. तेव्हा क्षितिजा पुढे झाली. ही बापूसाहेबांची मुलगी, वर्गातली सगळ्यात नीटनेटकी. तिने मला उचललं आणि उज्वलाच्या गळ्यात बांधलं.

"आता पळ," ती म्हणाली. "आपोआप वाजल."

उज्वला ग्लास सांभाळत चालली, मी वाजले, अख्खा वर्ग बँ बँ करत ओरडला. गुरुजी दारातच उभे होते. तिथे त्यांनी दोरी सोडली असती, एक शब्द रागाने बोलले असते, तर माझी गोष्ट इथे संपली असती. ते पोट धरून हसले.

"हे बरं झालं," चहा घेत ते म्हणाले. "हात मोकळे राहतील हिचे."

झालं. दुसऱ्या दिवसापासून मी तिच्या गळ्यातच राहिले. तासाच्या शेवटी तिने ओसरीवरून पळायचं आणि मी वाजायचं, ही शाळेची पद्धतच होऊन गेली. पोरांना तेवढ्यावर समाधान नव्हतं. मधल्या सुट्टीत क्षितिजा आणि तिच्या मैत्रिणी तिला मैदानामागे न्यायच्या. हातापायांवर चाल म्हणायच्या. चालली नाही तर दोरी मागून ओढायच्या. गवत उपटून तोंडात कोंबायच्या आणि चावून गिळेपर्यंत मोजत उभ्या राहायच्या. आधी ती रडायची. मग रडणं बंद झालं, तेव्हा त्यांनी जास्त ओढायला सुरुवात केली, कारण रडली नाही तर मजा येत नव्हती. दोरी काचून तिच्या मानेवर लाल वळ उठला. मी त्या वळावर दिवसभर आपटत असे. मला थांबता येत नव्हतं, ती हलली की मला वाजावंच लागे. फार राग यायचा मला, पण घंटीच्या रागाने कुणाचं काय होतं?

सारजाबाईने न्हाऊ घालताना तो वळ पाहिला. सिद्धू शाळेत गेला.

"पोरंपोरं खेळत्यात रे सिद्धू," गुरुजी म्हणाले. "आन घंटी तुझ्याच घरची हाय की. तूच म्हणला व्हतास, उजूच्या हातानं वाजवा."

सिद्धू तिथून बापूसाहेबांच्या अंगणात गेला. ते शाळेच्या समितीवर होते. त्याने क्षितिजाचं नाव घेतलं न घेतलं, तोच बापूसाहेबांनी सुपारी कातरता कातरता विचारलं, "शेळ्या कुटं चरत्यात सध्या?"

सिद्धूने हात जोडले. घरी येऊन त्याने पोरीला समोर बसवलं आणि सांगितलं, "लई मनावर घिऊ नगं. गप ऱ्हायचं. गप ऱ्हाइलं की आपसूक सोडत्यात." उज्वला मान हलवून व्हय म्हणाली. माझ्या ऐकण्यात त्या पोरीने बापाला दिलेलं ते शेवटचं मनापासूनचं उत्तर.

त्याच सुमारास बापूसाहेबांच्या चाळीतल्या वरच्या खोल्यांमध्ये लातूरकडचं एक कुटुंब राहायला आलं. मनीष कंपनीत नोकरीला, बायको रजनी, मुलगी जुईली. उज्वला त्यांच्याकडे दुधाचा रतीब घालायची. जुईली शाळेत जात नव्हती. बोलताना अडखळायची म्हणून आधीच्या शाळेत पोरींनी तिची नक्कल करून करून तिचं बोलणंच बंद पाडलं होतं. तिथल्या बाईंनीही एकदा नक्कल केली, आणि त्या दिवशी रजनीने तिला शाळेतून काढलं. आता ती तिला घरीच शिकवायची. चाळीत यावर खूप चघळणं चालायचं. शाळेबिगर पोर शिकतंय व्हय, जनावर हुईल निव्वळ, असं बायका नळावर म्हणायच्या. त्यांच्याच पोरी मैदानामागे काय करत होत्या, ते त्यांना दिसत नव्हतं.

एके संध्याकाळी उज्वला शाळेतून थेट दूध घेऊन गेली. मी गळ्यातच होते. रजनीने दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं, मग मानेकडे.

"हे कुणी बांधलं तुला?"

"मी शाळंची घंटा हाय," उज्वला म्हणाली.

रजनी दुसऱ्या दिवशी गुरुजींना भेटली. गुरुजींनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला. तो कुणी आणला असेल ते सांगायला नको. सगळं ऐकून घेऊन ते नम्रपणे म्हणाले, "मॅडम, तुमची मुलगी तर आमच्या पटावर नाही."

तिथून रजनी तडक सिद्धूच्या दारात आली. सारजाबाईला म्हणाली, "तुम्ही तिला माझ्याकडे पाठवा. एकीला शिकवते तशी दोघींना शिकवीन."

सारजाबाईने नवऱ्याला विचारलं नाही. पदर खोचला आणि म्हणाली, "उद्यापासनं येती."

ते दिवस चांगले होते. उज्वला मला पिशवीत घालून न्यायची, कारण शाळेची वस्तू सांभाळणं अजून तिच्याकडेच होतं. मी पिशवीत गप पडून ऐकायचे. रजनी भाकरीचे तुकडे करून अपूर्णांक शिकवायची. गच्चीवर दोघी सावली मोजायच्या. जुईली अडखळली की उज्वला वाट पाहायची, घाई करायची नाही, आणि हळूहळू जुईली तिच्याशी भरभरून बोलू लागली. मानेवरचा वळ फिका पडला. एकदा ती हसता हसता मागे कलंडली, इतकी हसली. सारजाबाई दुपारी उगाच जिन्यापर्यंत यायची, वरून लेकीचा आवाज ऐकायची आणि परत जायची.

मग गुरुजी सिद्धूकडे आले. दोन गोष्टी हव्या होत्या, मी आणि पोरगी. घंटीचं एक वेळ भागलं असतं. पण पोरगी गेली तर पट कमी होतो, पट कमी झाला की एक शिक्षक कमी होतो. हे त्यांनी बापूसाहेबांच्या कानावर घातलं. बापूसाहेब चाळीचा जिना चढून गेले.

"खोली तुमाला ऱ्हायाला दिलीया," ते रजनीला म्हणाले, "शाळा काढाया न्हाई. सिद्धूची पोर हितं दिसली तर दुसरी जागा बघा."

मनीष रात्री म्हणाला असेल काहीतरी, मला ऐकायला मिळालं नाही. सकाळी उज्वला गेली तेव्हा रजनीने दार अर्धंच उघडलं. दूध घेतलं. खाली बघत म्हणाली, "काही दिवस नको येऊस, उज्वला. मग मी बोलावते."

आतून जुईली तिला हाका मारत होती. उ, उ, म्हणत अडकत होती. रजनीने दार लोटलं. वर्षभराने महाळुंग्यातल्या त्यांच्या नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला आणि ती माणसं निघून गेली. बोलावणं आलं नाही. रजनी वाईट बाई नव्हती. तिने आपलं लेकरू वाचवलं. दुसऱ्याचं वाचवायला घर सोडावं लागत होतं, तिथे ती थांबली. मी तिला माफ केलेलं नाही.

उज्वला शाळेत परतली. क्षितिजा तिची वाटच पाहत होती. त्या दिवशी काय झालं ते मी सांगणार नाही. पोरगी घरी काही बोलली नाही. कुणाला सांगायचं होतं? सांगून झालं होतं सगळ्यांना.

२००६ साली शाळेत एक नवी मुलगी आली, मुन्नी. बांधकामावरच्या मजुराची पोर, हिंदी बोलणारी, बारकी. पहिल्याच दिवशी ती सगळ्यांकडे बघून हसली. उज्वला तिच्याकडे कितीतरी वेळ पाहत राहिली. मग मधल्या सुट्टीत उठली, आपल्या गळ्यातून मला काढलं आणि मुन्नीच्या गळ्यात बांधलं. दोरी आवळली. म्हणाली, "पळ." वर्ग हसला. उज्वलाबरोबर हसला, पहिल्यांदा. क्षितिजाने तिच्या खांद्यावर हात टाकला, आणि उज्वलाने तो राहू दिला.

दुसऱ्या दिवशी उज्वलाने मला पुन्हा मुन्नीच्या गळ्यात बांधलं, आणि तेवढ्यात मुन्नीची आई आली. सिमेंटने पांढरे झालेले हात, डोक्यावर अजून चुंबळ. तिने हात जोडले नाहीत. तिच्या शेळ्या कुणाच्या रानात चरत नव्हत्या.

"किसने बांधा?"

सगळ्या वर्गाने उज्वलाकडे बोट केलं. क्षितिजाने सगळ्यांत आधी. आणि जनार्दन गुरुजी, जे इतकी वर्षं हसत होते, खुर्चीवरून उठले आणि त्यांनी उज्वलाच्या कानफटात मारली.

"आमच्या शाळेत असलं चालत नाही," ते म्हणाले.

मुन्नीच्या आईने पोरीच्या गळ्यातून मला ओरबाडून काढलं, पोरीला कडेवर घेतलं आणि चालू लागली. पोर पुन्हा कुठल्या शाळेत गेली की नाही, मला ठाऊक नाही. कामावर पोचल्यावर तिने मला खांबासाठी ओतल्या जाणाऱ्या ओल्या काँक्रीटमध्ये फेकून दिलं. मी तिला दोष देत नाही.

आज २०१० साल आहे. मी त्याच खांबात आहे. माझ्यावर मजले चढले, माणसं राहायला आली, सकाळी दप्तरं घेऊन पोरं खाली उतरतात, बस येते, जाते. मला आता वाजता येत नाही आणि त्याचं मला दुःखही नाही.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. कधी तुमच्या पोराने दुसऱ्याचा छळ केला असं कळलं, तर हात उगारण्याआधी त्याला जवळ बसवून एवढं विचारा, हे तू कुणाकडून शिकलास? गुरुजींनी त्या दिवशी उज्वलाला हे विचारलं नाही. गालावर हात ठेवून ती त्यांच्याकडे बघत उभी होती. त्यांनी विचारलं असतं, तर बोट दाखवायला तिला वर्गाबाहेर जावं लागलं नसतं; शिकवणारे समोरच उभे होते.