रिन्सेमामाचा गुडघा

गेल्या वर्षीच्या फोटोत रिन्सेमामाचा फक्त गुडघा आला होता.

त्यात फोटो काढणाऱ्या भाच्याचा, वीबेचा, दोष तसा थोडाच. आईचा वाढदिवस म्हटला की हार्लिंगनच्या तिच्या घरातल्या छोट्या बैठकीत वीस खुर्च्या भिंतीला पाठ लावून गोल मांडल्या जायच्या. आलेल्याने आईचंच नव्हे, तर प्रत्येकाचं हात हातात घेऊन अभिनंदन करायचं, मिळेल त्या खुर्चीत बसायचं, आणि केक हातात आला की उठायचं नाव काढायचं नाही. एवढा गोल त्याच्या कॅमेऱ्यात मावायचा नाही, दरवर्षी कोणीतरी कापलं जायचंच. पण टर्सखेलिंग बेटाच्या फेरीबोटीवर चाळीस वर्षं कप्तानकी केलेल्या माणसाचा नुसता गुडघा यावा, हे मामाने फार मनाला लावून घेतलं. वर्षभर तो भाच्याशी वाऱ्यापावसापलीकडे एक अक्षर बोलला नाही.

यंदा आईला, म्हणजे फ्राउकेला, नव्वद पूर्ण होत होती. तिने महिनाभर आधीच वीबेला बजावलं होतं, "यंदा माझा भाऊ मला अख्खा हवाय. शंभरीपर्यंत मी काही थांबत नाही."

मग वीबेने लेवार्डनचा जुना बाजार पालथा घातला आणि एकवीस मिलिमीटरची, त्याच्याहून वयाने मोठी लेन्स शोधून काढली. चिमुकली, जड, आणि अख्खी खोली पोटात घेणारी. तिच्याबरोबर कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवायचं एक वेगळं इवलंसं भिंगही मिळालं, डोळा लावून बघण्यासाठी. चार दिवस तो तिला मऊ कापडाने पुसायचा आणि परत झाकण लावून ठेवायचा. एवढ्या मायेने खिडक्या पुसल्या असत्यास तर घर उजळलं असतं, असं त्याची बहीण यिक्के म्हणाली. शहाण्या माणसाने आधी एक रीळ खर्चून लेन्स पारखून घेतली असती. अठ्ठावन्न वर्षांच्या वीबेला तेवढा धीर नव्हता.

वाढदिवसाच्या दिवशी तो शेगडीजवळच्या कोपऱ्यात स्टुलावर चढला, वरच्या भिंगाला डोळा लावला आणि हरखून गेला. गुलाबी आयसिंगच्या केकपासून खिडकीतल्या कुंड्यांपर्यंत सगळं आत होतं. डावीकडे आई, आणि तिच्या शेजारी, अगदी कडेला, डोक्यापासून बुटापर्यंत मामा.

खोलीत उजेड बेताचा होता, त्यामुळे शटर सावकाश उघडझाप करणार होतं. वीबेने सगळ्यांना श्वास धरायला सांगितलं. सगळ्यांनी धरला. कोणाची तरी पापणी लवली, म्हणून पुन्हा धरला. कोणीतरी शिंकलं, पुन्हा. तासाभरात वीस जणांचा दम निघाला. मामा मात्र ताठ बसून मिशीतल्या मिशीत हसत होता. त्याचा राग गेला, असं वाटून वीबेला भलताच हुरूप आला. रिळातल्या छत्तीसपैकी चौतीस फोटो झाले.

आईही तासभर मान ताठ करून, ओठ मिटून बसली होती. कवळी लावल्यापासून फोटोत ती ओठ उघडतच नसे. ती भावाकडे झुकली आणि हळूच म्हणाली, "रिन्से, आलास ना रे पुरता?"

मामाच्या मिशीतलं हसू मावळलं. त्याने घसा खाकरला.

"ताई, कोणीच आलेलं नाही. त्याने झाकणच काढलेलं नाही."

वीबेने कॅमेरा उलटा करून पाहिला. काळं गोल झाकण लेन्सवर घट्ट बसलेलं होतं. वरच्या भिंगातून बघणाऱ्याला ते दिसत नाही, जग कसं लख्ख दिसत राहतं. समोरच्या वीस जणांना मात्र तासभर ते दिसत होतं. पण जुन्या लेन्सा अशाच असतात, अशी सगळ्यांनी समजूत करून घेतली होती.

तुला कधीपासून माहीत होतं, असं यिक्केने मामाला विचारलं.

"पहिल्यापासून," मामा शांतपणे म्हणाला. "म्हटलं, एकदा सगळ्यांचाच गुडघा होऊ दे."

आधी आईच हसली. ओठ-बिठ मिटायचं विसरून, भावाची बाही धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग सगळी खोली हसत सुटली. वीबेचे कान लालबुंद झाले होते. त्याने झाकण खिशात टाकलं आणि श्वास-बिस काही न सांगता उरलेले दोन्ही फोटो मारून टाकले.

रविवारी दुपारी त्याने न्हाणीघराच्या दाराच्या फटीत टॉवेल कोंबून लाल दिवा लावला. फिल्मवर चौतीस चौकटी कोऱ्या होत्या, पस्तिसावी हललेली. छत्तिसाव्या चौकटीचा कागद रसायनात टाकल्यावर आधी मामाचा काळा कोट उमटला, मग आईचं उघडं तोंड, कवळीसकट. ओठ मिटलेली आई चौतीस वेळा कोरी गेली, याचं त्याला मनापासून बरं वाटलं. काळजी मामाची होती. असली लेन्स कडेच्या माणसाला ताणते, आणि मामा चांगलाच ऐसपैस पसरला होता.

दुसऱ्या दिवशी धाकधुकीतच त्याने फोटो मामाच्या हातात दिला. मामाने चष्मा लावला.

"गेल्या वर्षी पावसुद्धा नव्हतो. यंदा दीड झालो."

वीबेने घाईघाईने सांगितलं, की कड जरा कापून पुन्हा छापता येईल. मामाचं लक्षच नव्हतं. तो फोटो खिडकीशी नेऊन कितीतरी वेळ बघत राहिला.

"ताई अशी हसायची, हे मी विसरूनच गेलो होतो," तो म्हणाला. "मोठा करून दे मला. माझं काय कापायचं ते काप. तिला धक्का लावू नकोस."