उरलेले चार

शैलजाच्या उजव्या खांद्यातलं दुखणं दहापैकी सात होतं. तिनं तीन सांगितलं, तेव्हा उरलेले चार तिच्या बाहीतून टेबलावर पडले.

ते करडे होते, सुपारीएवढे, आणि नुकत्याच उकडलेल्या बटाट्यासारखे गरम. एक घरंगळत कडेपर्यंत गेला. तो फिजिओथेरपिस्ट डॉ. आफरीन मुजावर यांनी पेनानं अडवला.

"तीनच लिहू ना, मॅडम?"

"तीनच. म्हणजे, जाणवतं थोडंसं."

"मग हे घेऊन जा. इथं ठेवून घेत होते पूर्वी, पण मागच्या खोलीचं दार आता उघडत नाही."

शैलजानं ते चारही रिकाम्या जेवणाच्या डब्यात ठेवले. ती मिरजेच्या एका ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. खांदा आखडल्यापासून फळ्याच्या वरच्या अर्ध्या भागापर्यंत तिचा हात पोचत नव्हता. सगळी समीकरणं खाली दाटीवाटीनं यायची आणि मागच्या बाकावरची मुलं उभी राहून वाचायची. प्राचार्यांनी गोड शब्दांत सांगितलं होतं, "खांदा बरा झाल्याचा दाखला आणा मॅडम, तोवर प्रॅक्टिकल कुलकर्णी सर बघतील." दाखल्यासाठी लागोपाठ तीन भेटींत आकडा तीन किंवा त्याखाली हवा होता.

आफरीननं व्यायाम दाखवले. डाव्या हातानं टेबल धरून वाकायचं, उजवा हात मोकळा सोडायचा आणि दोराला बांधलेल्या कळशीसारखा हळूहळू गोल फिरू द्यायचा. मग भिंतीवर बोटं चढवायची, ताण जाणवेल तिथं थांबायचं, पेन्सिलीनं खूण करायची.

"कळ येईपर्यंत ओढायचं नाही. आणि दुखतंय म्हणून हात पोटाशी धरून बसायचंही नाही. न हलवलेला खांदा आणखी आखडतो. आणि मॅडम, आकडा खरा सांगत जा. मी त्यावरूनच व्यायाम ठरवते."

"हो, हो," शैलजा म्हणाली.

घरी आल्यावर तिनं सवयीनं डबा ओट्यावर ठेवला. संध्याकाळी तो धुऊन पालथा घातलेला होता.

"आई, यात चार होते."

"खाल्ले," आई म्हणाली. ती चौऱ्याहत्तर वर्षांची होती आणि या घरातल्या कुणाच्याही डब्यातलं उरलेलं तिनं कधी टाकलं नव्हतं. शिळी पोळी, थिजलेली उसळ, शैलजाच्या बाबांच्या शेवटच्या आजारपणातली पेज, सगळं तिनं उभ्याउभ्या, ओट्याशी संपवलं होतं. "वाया कशाला घालवायचे? मीठ जरा कमी होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी शैलजाची बोटं भिंतीवर चार बोटं अधिक वर चढली. तिनं दोनदा मोजून पाहिलं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आईनं हाक मारली, "चहाचा डबा काढून दे गं. माझा हात आज जरा नाही म्हणतोय."

तो डबा खालून दुसऱ्या फळीवर होता.

पुढच्या भेटीपर्यंत खांद्यात पुन्हा पाच भरलं होतं. शैलजानं दोन सांगितलं. तीन पडले. ते तिनं थेट प्रयोगशाळेत नेले. तराजूवर तिघांचं वजन अगदी सारखं आलं. सौम्य आम्लात ते विरघळले नाहीत, तीव्र आम्लातही नाहीत, फक्त जरा जास्त गरम झाले. तिनं ते घरी येऊन तुळशीच्या कुंडीत खोल पुरले. काही दिवसांनी आईनं ते काढले, धुतले आणि ताटलीत ठेवले.

"तुळशीत काय पुरतेस? खायची वस्तू आहे."

"ती खायची वस्तू नाहीये, आई."

"तुला नको असेल तर नसेल."

शैलजाला ताटली उचलता आली असती. तिला वह्या तपासायच्या होत्या. ती बाहेरच्या खोलीत जाऊन बसली, तीन वह्या तपासल्या, आणि आतून ताटली घासल्याचा आवाज आला तेव्हा तिनं मान वर केली नाही. सकाळी तिच्या पेन्सिलीची खूण तुळईच्या खाली वीतभर अंतरावर होती. आईचा उजवा हात खांद्यापासून खाली लोंबत होता आणि तिची वेणी अर्धी घातलेली होती.

"फणी धर जरा," आई म्हणाली. "एवढंच राहिलंय."

शैलजानं वेणी पूर्ण केली. दोन्ही हात सहज वर जात होते. त्याच दिवशी तिसरी भेट होती. ती आईला रिक्षात घालून सोबत घेऊन गेली.

"आईनं घेतलेले सातही मला परत द्या," ती आफरीनला म्हणाली. "दाखला नको."

"तसं होत नाही, मॅडम. ज्यानं घेतले त्याचे झाले. पण काढता येतात. त्यांनी पूर्ण आकडा सांगायचा, मी लिहून घेणार, मग रोज थोडं थोडं हलवून बाहेर येतात. सहा आठवडे लागतील. पूर्ण सांगायला मात्र हवा."

"मी सांगते. सात."

"तुम्ही नाही."

शैलजा आईच्या खुर्चीशी उकिडवी बसली. "आई, असेल तेवढं सांग. एकदाच. कुणी काही म्हणणार नाही."

"बरं बाई. ओरडतेस काय, लोक बसलेत बाहेर."

आफरीननं वहीचं नवीन पान उघडलं. "आजी, दहापैकी किती दुखतंय?"

आईनं आफरीनकडे पाहिलं. मग शैलजाकडे पाहिलं. तिच्या केसांत खडूची पूड होती, ती आईनं डाव्या हातानं झटकली.

"काही नाही गं," ती म्हणाली. "वय झालं, एवढंच."

"शून्य लिहू?"

"लिही."

पहिला पडला तो करडा होता. त्याच्यामागून सहा आले. मग पिवळट पडू लागले, मग कडेनं झिजलेले, मग हरभऱ्याएवढे बारीक, कितीतरी जुने, दोन्ही बाह्यांतून, पदरातून. टेबल भरलं आणि ते जमिनीवर सांडायला लागले. आफरीननं वही मिटून छातीशी धरली आणि पाय स्टुलावर घेतले. दार आत उघडणारं होतं. ते आता उघडलं नसतं.

"अगं, तुडवू नका," आई म्हणाली. ती वाकून गोळा करू पाहत होती, पण हात पोचत नव्हता. "टाकायचे नाहीत."

शैलजानं हात पुढे केला. तो खांद्यापासून सरळ, कुठंही न अडता गेला. तिनं सगळ्यांत जुना दिसणारा एक उचलला आणि तोंडात टाकला.

मीठ खरंच कमी होतं. तिनं दुसरा उचलला.