चाल नसलेला नियम

मालिनी करमरकर बाईंनी ओलं फडकं भिंतीवर रंगवलेल्या नियमांच्या सातव्या ओळीवर टेकवलं आणि त्या तशाच स्टुलावर उभ्या राहिल्या. खाली गंगाराम दोन्ही हातांनी स्टूल धरून होता.

"बाई, ऑईलपेंट आहे तो. पाण्यानं नाही जायचा."

"माहीत आहे मला. मीच लिहिलाय."

"मग पुसताय काय?"

फडक्यातलं पाणी भिंतीवरून ओघळून आठव्या ओळीवर आलं, नवव्यावर आलं. अक्षरं होती तशीच राहिली, उलट धूळ गेल्यामुळे जास्तच उठून दिसायला लागली. बाई हळूहळू खाली उतरल्या. गंगारामने फडकं त्यांच्या हातून घेतलं.

"राहू दे तसा, बाई. पुढच्या मे महिन्यात तुम्ही सुटणार. एक वर्ष राहिलं. ती पोर म्हणजे... अगदीच वाटत असेल तर तिला अ तुकडीत टाका. तिकडे सावंत सर शिकवतात."

"म्हणजे तिकडे हाच नियम ती सावंतांकडून शिकेल."

गंगारामने प्रयोगशाळेच्या कपाटाला किल्ली लावली. तीस वर्षं तो बाईंच्या हाताखाली परीक्षानळ्या धुत होता. कुठे बोलायचं आणि कुठे कपाट उघडायचं, हे त्याला कळत असे.

भिंतीवर नऊ नियम होते. बाई नव्याने नोकरीला लागल्या तेव्हा छापील नियमांचा एक तक्ता होता, दीड हात लांबीचा. मुलं तो वाचायची आणि विसरायची. दुसऱ्याच वर्षी एका मुलाने मोरचूद खडीसाखर समजून जिभेला लावून बघितला. मुलगा वाचला, पण बाईंची त्या रात्रीची झोप गेली. पोरांना पाढे पाठ होतात, आरत्या पाठ होतात, मग नियमच का होत नाहीत, असं त्यांच्या मनात आलं. मे महिन्याच्या सुट्टीत त्यांनी नियम कापले, छाटले, त्यांना पाढ्याची चाल लावली आणि स्वतः ब्रश घेऊन भिंतीवर रंगवले. "पाण्यात आम्ल, थेंब थेंब, आम्लात पाणी, बोंबाबोंब." "जिभेला इथे काम नाही." आणि सातवा: "जो पेटवील, तोच विझवील. जो उघडील, तोच मिटील."

तेव्हापासून आठवीचे पहिले तीन तास कुणी कशाला हात लावायचा नाही, नुसते नियम म्हणायचे, असा शिरस्ता पडला. गावात बाई बाजारात निघाल्या की बाप झालेली माणसं त्यांना बघून हसत. कुणी रिक्षातून डोकं काढून "बाई, बोंबाबोंब!" म्हणून ओरडे. बाईंना ते आवडत असे. त्यांच्या हातून शिकलेल्या एकाही मुलाला त्या खोलीत कधी भाजलं नव्हतं, की कुणाच्या डोळ्यात काही उडालं नव्हतं.

छापील तक्त्यातला सातवा नियम दोन वाक्यांचा होता. दुसरं वाक्य असं होतं: मात्र धोका उद्भवल्यास सर्व काही आहे तेथेच सोडून प्रथम बाहेर पडावे. ते चालीत बसेना. बाईंनी दोन दिवस खटपट केली आणि मग ते सोडून दिलं. इतकं तर कुणालाही कळतं, असं त्यांना तेव्हा वाटलं होतं.

गेल्या दिवाळीनंतर बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात अमोनिया गळला आणि त्यात निलेश शिवलकर गेला. निलेश बाईंचा विद्यार्थी. अभ्यासात बेताचा, पण वर्गातले सगळे बर्नर बंद झाले की नाही हे न सांगता बघून येणारा. कारखान्यात तो मशीनवर होता. पेपरात त्याचा फोटो आला: जीव धोक्यात घालून वाल्व्ह बंद करणारा कामगार.

त्यानंतर पंधरा दिवसांनी सूरज घरी आला. तोही बाईंचाच विद्यार्थी, निलेशच्याच पाळीला असलेला. अंगणातल्या पायरीवर बसला. आत ये म्हटलं तरी आला नाही.

"बाई, आम्ही सगळे बाहेर आलो होतो हो. माणसं मोजली, सातच्या सात. तेवढ्यात हा म्हणतो, वाल्व्ह सकाळी मी उघडलाय. रुमाल भिजवला नि निघाला आत. मी हाताला धरला त्याच्या. तर म्हणतो कसा, जो उघडील तोच मिटील, विसरलास काय रे? करमरकर बाई कान धरतील. हसत गेला, बाई."

बाईंनी पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे ठेवला होता. सूरजने तो नुसता फिरवत ठेवला.

"बंद केला त्यानं. केला तो केलाच. पण गळत होता तो पाईप पलीकडला. त्या वाल्व्हचा काय संबंधच नव्हता. हे मी कुणाला बोललो नाही. वहिनीला तर नाहीच. तुम्हाला म्हणून सांगितलं."

बाई शिवलकरांच्या घरी भेटायला गेल्या तेव्हा निलेशच्या बायकोने, मालनने, त्यांना बसायला खुर्ची दिली आणि स्वतः जमिनीवर बसली. म्हणाली, "तुमचं नाव घ्यायचे नेहमी. घरातला गॅससुद्धा मला बंद करू द्यायचे नाहीत, त्यांनी पेटवला असला तर. चांगलं वळण लावलंत, बाई. त्यामुळे सहा घरं वाचली." बाईंनी चहा घेतला, कप विसळून ठेवला आणि त्या परत आल्या. सांगायला गेल्या होत्या, ते तोंडातच राहिलं. त्याला आता सात महिने होत आले होते.

आणि आज निलेशची मुलगी योगिनी आठवी ब मध्ये पहिल्या बाकावर बसणार होती.

घंटा झाली. मुलं रेनकोट झटकत, एकमेकांच्या पाठीवर पाणी उडवत आत आली. बाईंनी उपस्थिती घेतली. योगिनी शिवलकर. "हजर." आवाज थेट निलेशचा, थोडा बसका. केस घट्ट बांधलेले होते, आणि बाह्या कुणी न सांगताच दोनदा दुमडलेल्या. भिंतीवरचे पहिले दोन नियम तिने आधीच पाळलेले होते.

"आज कशाला हात लावायचा नाही," बाई म्हणाल्या. "आज नुसतं म्हणायचं. भिंतीवर बघा. पहिला."

वर्गाने म्हटलं. दुसरा म्हटला. योगिनी भिंतीकडे बघत नव्हती. तिसऱ्याला निहार नावाच्या मुलाने हात वर केला.

"बाई, उरलेलं परत बाटलीत नाही ओतायचं? फेकायचं?"

"फेकायचं."

"आमची आजी ऐकेल तर लाटणं घेऊन येईल शाळेत. ती कढीपत्त्याचं पान पण धुऊन परत वापरते."

वर्ग हसला. बाईही हसल्या. "आजीला सांग, इथली कढी वेगळी असते." मग त्यांनी समजावून सांगितलं, की उरलेल्यात काय मिसळलंय ते आपल्याला दिसत नाही, आणि एका चमच्यासाठी अख्खी बाटली नासते. निहारने मान डोलवली. बोंबाबोंबला मुलांनी जो आवाज लावला, त्याने शेजारच्या वर्गातून सर डोकावून गेले. सहावा झाला. बाईंनी टेबलाची कड धरली.

सातवा त्यांनी सांगायच्या आधीच पहिल्या बाकावरून आला. एकटीच्या आवाजात, चालीसकट.

"जो पेटवील, तोच विझवील. जो उघडील, तोच मिटील."

मागच्या बाकांवर कुजबुज झाली. गावात सगळ्यांना सगळं माहीत असतं. योगिनीच्या शेजारच्या मुलीने, हेतलने, तिचा हात धरला. योगिनीने तो सोडवून घेतला. तिला तो नको होता. ती ताठ बसली होती, बक्षीस घ्यायला बसावं तशी.

"तुला सगळे येतात?" बाईंनी विचारलं.

"नऊच्या नऊ. बाबांनी शिकवले, मी पहिलीत होते तेव्हाच. आम्ही दोघं भांडी घासताना म्हणायचो."

बाईंनी खडू उचलला. आता म्हणा आठवा, एवढंच म्हणायचं होतं. तो एक शब्द म्हटला असता तर तास सरला असता, वर्ष सरलं असतं, मे महिना आला असता. त्यांच्यासमोर बेचाळीस मुलं होती. त्यांतली कितीतरी चार-पाच वर्षांत बर्फावर, बोटींवर, कुठल्या ना कुठल्या मशीनवर जाणार होती.

"सातवा नियम अर्धा आहे," त्या म्हणाल्या. "उरलेला मी फळ्यावर लिहिते. वहीत उतरवून घ्या."

फळ्यावर त्यांनी लिहिलं: धोका दिसला, तर हातातलं तिथेच टाकायचं आणि बाहेर पळायचं. काहीही बंद करायला थांबायचं नाही. बाहेर आल्यावर परत आत जायचं नाही.

मुलं लिहू लागली. निहारने मान तिरकी करून दोनदा ओठांत पुटपुटून पाहिलं.

"बाई, याला चाल नाही लागत."

"नाही लागू दे."

योगिनीने पेन खाली ठेवलं होतं. ती फळ्याकडे बघत होती. वाचून झालं तरी बघतच होती. मग ती उभी राहिली.

"बाई, पण बाबा परत आत गेले होते."

"हो."

"मग बाबांचं चुकलं?"

गंगारामने मागे हातातली नळी स्टँडमध्ये ठेवली, ती काचेची टिक ऐकू आली. बाईंना वाटलं, आता कुठलंही वाक्य बोललं तरी ते या मुलीकडून काहीतरी काढून घेणार. हो म्हटलं तर तिचा बाप जाईल, पेपरातल्या फोटोसकट. नाही म्हटलं तर फळ्यावरच्या अक्षरांना अर्थ उरणार नाही.

"बाबांचं नाही चुकलं," त्या म्हणाल्या. "त्यांना जे शिकवलं होतं, ते त्यांनी केलं. पुरतं शिकवलंच नव्हतं त्यांना. चूक शिकवणाऱ्याची."

मागून निहारने विचारलं, अगदी सरळपणे, "कुणी शिकवलं होतं?"

"मी," बाई म्हणाल्या.

मुलांनी आधी बाईंकडे पाहिलं, मग भिंतीकडे, मग वहीकडे. कुणाला काय करावं कळेना. योगिनी खाली बसली. तिने पेन उचललं, टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. बाईंनी आठवा नियम घेतला, नववा घेतला. मुलं म्हणत होती, पण चालीतला जोर गेला होता. शेवटची पाच मिनिटं त्यांनी मुलांना खिडक्या आणि दोन्ही दारं कुठे आहेत ते दाखवलं आणि रांगेने एकदा बाहेर व्हरांड्यात पळायला लावलं. दप्तरं आत ठेवून. हेतल दाराशी काढलेली चप्पल घालायला थांबली, तर बाई ओरडल्या, "चप्पल राहू दे गो!" तीस वर्षांत त्या वर्गावर कधी इतक्या मोठ्याने ओरडल्या नव्हत्या.

घंटा झाली. मुलं गेली. गंगारामने फळा पुसायला डस्टर उचललं, फळ्यावरचं वाचलं आणि डस्टर परत ठेवून तो बाहेर निघून गेला.

योगिनी पहिल्या बाकापाशी उभी होती. दप्तर पाठीवर घेतलेलं.

"बाई, ते आत गेले तेव्हा बाकीचे कुठे होते?"

बाईंना सूरजचा चेहरा आठवला. पायरीवर बसलेला, तांब्या फिरवणारा.

"बाहेर होते," त्या म्हणाल्या.

"सगळे?"

"सगळे."

मुलीने मान हलवली, गणिताचं उत्तर ताडून बघावं तशी, दोनदा. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवायला म्हणून उचलला आणि तो मध्येच थांबला. तो अधिकार आपल्याला आता उरलाय का, हे त्यांना ठरवता येईना. हात त्यांनी टेबलावर ठेवला.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"दिवाळीनंतर. सूरजकाकांनी सांगितलं."

"तुम्ही आमच्याकडे आला होतात ना? तेव्हा?"

"तेव्हा माहीत होतं."

"मग आईला का नाही सांगितलंत?"

"भ्याले मी."

एवढ्या मोठ्या बाई भ्याल्या, हे योगिनीला नवीन होतं. तिने बाईंकडे वर बघितलं. बाहेर पावसाने जोर धरला होता आणि व्हरांड्यात पुढच्या वर्गाची मुलं गोळा होत होती.

"आई रोज विचारते," ती म्हणाली. "शाळेत काय शिकवलं म्हणून. आज मुद्दाम विचारणार. आजपासून प्रयोगशाळा आहे हे तिला माहितीये. मी काय सांगू?"

"तू काही सांगू नकोस. ते तुझं काम नव्हे. मी येते."

"आज?"

"आजच."

योगिनीने दप्तराचा पट्टा खांद्यावर ओढून घेतला. दारापर्यंत गेली आणि थांबली.

"ती सुकी मासळी घेऊन बसते बाजारात. साडेपाचला येते," ती म्हणाली. "आल्या आल्या नका बोलू, बाई. टोपली उतरवू दे, पाणी पिऊ दे तिला. मग सांगा."