बरोबर वाचलेली ओळ

"सिद्धी, तुझ्याकडे काय आहे ते परत एकदा वाच बरं."

"काकू, तिसऱ्यांदा वाचतेय. 'दर दहा किलो वजनाला दोन पॉइंट शून्य मिली.' माझ्याकडे डॉक्टरांची मूळ फाइल आहे, तीच मी वेबसाइटवर टाकली. का हो?"

सुमतीबाईंनी कानाचा फोन मेजावर ठेवला. चष्मा काढून पदराच्या टोकानं पुसला, परत लावला आणि डाव्या हाताखालचा छापील अंक खिडकीच्या उजेडात धरला. पान सव्वीस, दुसरा रकाना, खालून सहावी ओळ. 'दर दहा किलो वजनाला २० मिली.'

दोन आणि शून्य यांच्यामधलं टिंब छापील अंकात नव्हतं.

मंचरच्या एका जुन्या छापखान्यातून 'शिवारवाट' नावाचं शेती आणि पशुपालनाचं मासिक निघतं, आणि सव्वीस वर्षं त्याची मुद्रितं, म्हणजे छपाईआधीची प्रुफं, सुमतीबाई तपासत आल्या होत्या. लग्न होऊन आल्या तेव्हा नवऱ्याच्या, सुवालालांच्या किराणा दुकानात बसून पुड्या बांधायच्या. पुड्यांचे जुने कागद वाचता वाचता त्यांतल्या चुका दुरुस्त करण्याची खोड लागली, आणि ते संपादक भगवंतरावांच्या नजरेत आलं. तीन वर्षांपूर्वी मासिक वेबसाइटवरही येऊ लागलं, तेव्हा त्यांच्याकडे आणखी एक काम आलं. अंक वर्गणीदारांकडे गेला, की आठवडाभरात छापील अंक आणि ऑनलाइन अंक शेजारी ठेवून ओळीला ओळ पडताळायची. "दोन्हींत काना-मात्रेचाही फरक नको," भगवंतरावांचं म्हणणं. सिद्धी पुण्यात बसून ऑनलाइनचं बघायची. बहुतेक वेळा चूक तिकडेच निघायची, आणि सुमतीबाईंना त्याचं मनातून थोडं बरंही वाटायचं.

आज चूक इकडे होती. त्यांनी कपाटातून प्रुफांचा गठ्ठा काढला. पान सव्वीसच्या प्रुफावर टिंब नव्हतं, आणि पानाच्या कोपऱ्यात लाल शाईत त्यांची स्वतःची सही होती. म्हणजे अक्षरजुळणीत टिंब गळलं, आणि त्यांच्या डोळ्यांखालून ती ओळ तशीच गेली.

लेख मेंढ्यांच्या जंताच्या औषधावर होता. तो लिहिणाऱ्या निवृत्त पशुवैद्यक डॉक्टरांना त्यांनी फोन केला.

"वीस पाजलं तर काय होईल हो, डॉक्टर?"

"मोठी मेंढी कदाचित निभावेल. कोकरू नाही निभावायचं. कुठं छापलंय वीस?"

भगवंतराव छपाईयंत्राजवळ उभे होते. त्यांनी अंक बघितला, कपाळावर हात फिरवला आणि म्हणाले, "ऑनलाइनला बरोबर आहे ना? मग झालं. पुढच्या अंकात शुद्धिपत्र टाकू."

"पुढचा अंक महिन्यानं. लोक औषध आत्ता पाजतात, मृगाच्या आधी."

"व्हॉट्सअॅपवर सगळ्यांना मेसेज टाकू. आजकाल छापील वाचून कोण औषध पाजतंय, सुमतीबाई? सगळे फोनवर बघतात."

"मग आपण छापतो कुणासाठी?"

भगवंतराव वाईट माणूस नव्हते. त्यांनी वर्गणीदारांचं रजिस्टर स्वतःच काढून दिलं.

मेसेज गेला. मेंढ्या पाळणारे वर्गणीदार एकंदर बावीस निघाले. त्यांतल्या सतरा जणांशी सुमतीबाई स्वतः बोलल्या. आळ्याच्या एका म्हाताऱ्याला ऐकू कमी येत होतं, त्याच्या शेजाऱ्याला बोलावून आणून त्याच्याकडून आकडा वदवून घेतला. पिंपळवंडीच्या दोघांना दुकानावर निरोप ठेवला आणि निरोप पोचल्याचा उलटा फोन येईपर्यंत जेवल्या नाहीत. एकाचा लेकच छापखान्यात येऊन गेला. शेवटी एक नाव राहिलं. हनुमंत, मुक्काम डिंभे. नंबर लावला, की तो अस्तित्वात नसल्याचं सांगणारी बाई बोलायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दुकानात आल्या तेव्हा सुवालाल तांदळाचं पोतं उघडत होते.

"डिंभ्याला जाऊन येते."

"एका टिंबासाठी?" ते चेष्टेत म्हणाले, पण बायकोचा चेहरा बघून हातातली सुतळी खाली ठेवली. "मी येऊ का?"

"नको. सही माझी आहे."

"जिवाचं काम आहे. जा," सुवालाल म्हणाले, आणि पाण्याची बाटली भरून आणून दिली.

घोडेगावला एसटी बदलायची होती. डिंभ्याची गाडी पाऊण तास आलीच नाही. सुमतीबाई स्टँडवरच्या बाकड्यावर अंक मांडीवर घेऊन बसल्या. शेजारी एक तरुण मोबाइलवर बोटानं काहीतरी वर सरकवत होता. मोबाइलवर चुकलेलं एका क्षणात दुरुस्त होतं आणि चूक झाली होती हे कुणाला कळतही नाही, हे त्यांना ठाऊक होतं. सिद्धीकडून त्यांनी कितीदा तसं करून घेतलं होतं. छापलेलं मात्र जिथं गेलं तिथं तसंच राहतं.

डिंभ्यात उतरल्यावर चहाच्या टपरीवर त्यांनी हनुमंताचं घर विचारलं.

"हनुमंत? त्यो तर वारला, दोन वर्सं झाली," टपरीवाला म्हणाला. "त्याची बाईल हाय, तुकाबाई. ह्या वाटंनं सरळ जावा. वाडग्यात मेंढ्या दिसत्याल, तेच घर."

पत्र्याचं घर होतं, पुढं सारवलेलं अंगण आणि बाजूला काट्यांच्या कुंपणाचं वाडगं. वाडग्यात दहा-बारा मेंढ्या होत्या. त्यांतली एक कुंपणाला तोंड लावून सारखी ओरडत होती. ओरडायची, कान टवकारून थांबायची, परत ओरडायची.

अंगणात साठीची एक बाई दोर वळत बसली होती. दारात तिशीची एक बाई उभी होती. पाहुणी दिसताच तिनं पदर सावरला, पण पुढं आली नाही.

"कोन पावणं?" म्हातारीनं विचारलं.

"मी मंचरहून आले, तुकाबाई. 'शिवारवाट' मासिकातून. तुमच्याकडे अंक येतो ना?"

तुकाबाईचा हात थांबला. "येतो की. मालकाच्या नावानं येतो. त्ये गेलं तरी मी बंद नाय केला. दर म्हैन्याला पोस्टमन त्यांचं नाव घेऊन हाक मारतोय, बरं वाटतं. बसा."

सुमतीबाई बसल्या नाहीत. "ह्या अंकातलं जंताचं औषध पाजलं का तुम्ही?"

दारातल्या बाईनं मान खाली घातली. तुकाबाईनं वाडग्याकडं बघितलं.

"पाजलं. तीन कोकरांना पाजलं. दोन गेली. तिसरं वाचलं, पर अजून उभं ऱ्हाईना. ती ऐका, तिची आई, दोन दिसांधरनं वरडतीय." मग दाराकडं हनुवटी करून म्हणाली, "पैलं मालक पाजायचं, त्यास्नी म्हाईत व्हतं. आता मला वाचता येत न्हाई, म्हून सुनंला म्हनलं, तू वाच, मी पाजते. हिनं वाचलं वीस. आदेश म्हंजे माझा धाकला, चाकणला कंपनीत असतो. त्याला फोन केला तर त्यानं मोबाइलवर तेच पान काढलं. त्यो म्हनला, आई, हितं दोनच हाय, वयनीनं चुकीचं वाचलं."

"मी परत वाचलं व्हतं," सून हळूच म्हणाली. तिचं नाव निर्मला. "चारदा वाचलं. मला वीसच दिसलं. पर मोबाइलवर दोन हाय म्हनल्यावर..." तिनं वाक्य तिथंच सोडलं. "मी सातवीत नापास झाले व्हते, बाई. म्हनलं, आपलंच काय तरी चुकलं आसंल. तवाधरनं कायच वाचलं न्हाई."

कोकरं दगावली असतील ही भीती घेऊन त्या आल्या होत्या. चार वेळा वाचूनही स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडालेली एक बाई इथं भेटेल, असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

"तो अंक कुठं आहे?"

निर्मलानं आतून अंक आणला. घडी घालून, पिशवीत गुंडाळून, कुणाच्या नजरेस पडू नये असा ठेवलेला. सुमतीबाईंनी पान सव्वीस उघडलं, तिच्या हातात दिलं आणि ओळीखाली बोट ठेवलं.

"ही ओळ वाच."

"नगं, बाई."

"वाच. मोठ्यानं."

निर्मलानं सासूकडं बघितलं. मग अडखळत, एकेका शब्दावर थांबत वाचलं, "दर... दहा किलो... वजनाला... वीस मिली."

"बरोबर वाचलंस," सुमतीबाई म्हणाल्या. "इथं वीसच छापलंय. दोनच्या पुढं टिंब हवं होतं, ते छापायचं राहिलं. मोबाइलवर बरोबर आहे, कागदावर चूक आहे. आणि कागदावरच्या चुका काढायचं काम माझं आहे, सव्वीस वर्षं. ही ओळ माझ्या नजरेतून सुटली. तुझं काही चुकलं नाही. तुमची कोकरं माझ्या चुकीनं गेली, तुकाबाई. हे सांगायलाच मी आले होते. मला दोन दिवस उशीर झाला."

वाडग्यातली मेंढी परत ओरडली.

तुकाबाईनं दोर बाजूला ठेवला आणि सुमतीबाईंकडं बघितलं. त्या सरळ बघत राहिलेल्या नजरेपुढं उभं राहणं सुमतीबाईंना जड जात होतं, पण त्यांनी मान खाली घातली नाही. भरून देते, काय लागेल ते सांगा, असं ओठांपर्यंत आलं होतं, आणि ते बोलणं इथं किती हलकं वाटेल हेही त्यांना कळत होतं.

"मंचरवरनं यष्टीनं आलासा?" तुकाबाईनं शेवटी विचारलं.

"हो."

"ह्येच सांगाया?"

"हो."

"मी तिला लई बोलले," तुकाबाई म्हणाली. हे ती सुमतीबाईंना सांगत होती की स्वतःला, ते कळत नव्हतं. "दोन दिस बोलत व्हते. पोरीनं तोंडातनं शबुद काढला न्हाई." मग आवाज चढवून म्हणाली, "निर्मला, आदेशाला फोन लाव."

फोन लागला. तुकाबाईनं तो तोंडासमोर धरून, गावाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "आदेशा, तुझी वयनी बरोबर व्हती. कागदावर वीसच हाय. मंचरची बाई सोता येऊन सांगतीया. न्हाई न्हाई, तुझा मोबाइल बी बरोबर आसंल. पर तिनं वाचलं त्ये बरोबर वाचलं. एवढं ध्यानात ठेव." आणि आदेश काही बोलायच्या आत फोन सुनेच्या हातात देऊन ती उठली, गुडघ्यावर हात रेटून चुलीकडं गेली.

सुमतीबाई कुंपणापाशी आल्या. तिथं रेंज होती. त्यांनी सिद्धीला फोन लावला.

"लिहून घे. लेखाच्या वर, मोठ्या अक्षरात. 'छापील अंकात या लेखातील औषधाचं प्रमाण चुकीचं छापलं गेलं आहे. ज्यांनी छापील अंक वाचला त्यांनी बरोबरच वाचलं. चूक अंकाची आहे.'"

"पण काकू, ऑनलाइनला तर चूक नाहीच. आपण उगाच स्वतःहून..."

"लिही तू. भगवंतरावांशी मी बोलते. खाली माझं नाव टाक. मुद्रितशोधन, सुमती सुवालाल."

"काकू, ऑनलाइन अंकात मुद्रितशोधकाचं नाव आपण कधी दिलंच नाही."

"ह्या वेळी दे."

त्या वळल्या तेव्हा चुलीपुढून धूर येत होता. निर्मला पुढं होऊन सासूच्या हातातलं भांडं घ्यायला गेली, तर तुकाबाईनं तिला कोपरानं बाजूला सारलं. चहा तिनंच गाळला, तीन कपांत. पाहुणी अंगणातल्या घोंगडीवर येऊन बसली होती, म्हणून निर्मलानं पहिला कप उचलून तिच्याकडं न्यायला हात पुढं केला.

"त्यो न्हाई," तुकाबाई म्हणाली. "त्यो तुझा. बस हितं."

निर्मला कप हातात घेऊन उभीच राहिली. या घरात बसून, सासूच्या हातचा, पाहुण्यांच्या आधी चहा तिनं कधी घेतला नव्हता. ती घोंगडीच्या कडेवर अंग चोरून बसली.

"पी, थंड व्हईल," तुकाबाई म्हणाली, आणि दुसरा कप उचलून सुमतीबाईंच्या पुढं ठेवला.